ओळीतली जागा

३ जाने., राजुरा
दिलीपभाऊकडे गेलो. त्यांच्या वरातीच्या बँडमध्ये सोळा वर्षं पहिला ट्रंपेट मीच वाजवला. दिवाळीआधी सोयाबीन काढताना थ्रेशरनं उजव्या हाताची मधली तीन बोटं नेली. तेव्हापासून हा माणूस एकदाच घरी आला. आज म्हणे, "तू आता जनरेटरचा गाडा ढकल."
तसाच परतलो. ओठ शाबूत, दम शाबूत. अन् मी गाडा ढकलू?

५ जाने.
सूर बदलाच्या पिस्टनवर डावी बोटं ठेवून पाह्यली. चालतात. पण उजव्या पंजात ट्रंपेट टिकत नाई. बायकोनं, सुमननं, जुन्या साडीची पट्टी बांधून दिली. दोन सूर निघाले, तिसऱ्याले घसरला तो सरळ दातावर. सुमन रक्त पुसत होती अन् मी तिच्यावरच ओरडलो. उगाच.

९ जाने.
मल्लेश ट्रॅक्टरचे रेडिएटर दुरुस्त करतो. पितळ जोडण्यात त्याचा हात कोणी धरणार नाई. पंजा आत जाईल असं कडं त्यानं ट्रंपेटले झाळून दिलं. पण आचेनं मधला पिस्टन जाम! मल्लेश कपाळ धरून बसला. "अन्ना, मीच बिघडवलं."

१४ जाने.
मल्लेशनं पिस्टन घासून मोकळा केला. कडं आता न झाळता पितळी पट्टीनं आवळलं, आतून चामडं. पंजा बरोबर बसते. पैसे घेईना. म्हणे, आधी वाजव.

२ फेब्रु.
डावी बोटं लय मठ्ठ. उजव्या बोटायले जे झोपेत येत होतं ते डाव्यायले रोज शिकवून राह्यलो.
दिलीपभाऊच्या कानावर गेलं. स्वतः आले. एकदम गोड! गोंडपिपरीच्या लग्नाले चल म्हणे.

१२ फेब्रु.
काय सांगू. ओळीत जागाच नाई. समोर गाडीवर खुर्ची, मागं बॅनर: 'दिव्यांग कलाकार', त्यावर माह्या हाताचा फोटो. माइकवर नाव घेतलं अन् टाळ्या. एक सूर काढायच्या आधी! एक पोट्टा मोबाइल पार बोटापर्यंत घेऊन आला.
अंतऱ्यात बोटं अडकली. पुरा बेसूर. तरी टाळ्या. सोळा वर्षांत एवढ्या टाळ्या नाई भेटल्या, अन् एवढं वाईट वाजवलंही नाई कधी.
फक्त क्लॅरनेटवाला गजानन बोलला, "अंतऱ्याची वाट लावली तू. कान दुखले माहे."
त्याले मिठी माराविशी वाटली.

१५ फेब्रु.
दिलीपभाऊले तोंडावर सांगतलं, "बॅनर काढा. मले ओळीत उभं करा. खराब वाजवलं तं हाकला."
"अरे, लोकं तुलेच पाहाले बोलावून राह्यले!"
"पाहाले ना? अन् ऐकाले?"
दिलीपभाऊ म्हणे, "तुह्या जागी विकासले घेतलं. त्याले काढू का? आताच लग्न झालं त्याचं."
संताप तसाच, पण आता कोणावर काढू?

१९ फेब्रु.
रविवारी बल्लारपूरचं लग्न आहे. दिलीपभाऊचा निरोप एवढाच: "ये, पाहू." काय पाहू? खुर्चीवर तं मी बसत नाई.
गजानन सकाळी क्लॅरनेट घेऊन आला. अंतरा दोनदा साफ निघाला. तिसऱ्यांदा त्याच जागी अडकलो. मी शिवी हासडली. गजाननानं पुन्हा पहिल्यापासून धरलं.