दोह्याचं खलास, नाशिकचं खलास

अल सद्द, दोहा
१४ ऑगस्ट २०२२

प्रिय नुपूर,

अनेक आशीर्वाद. आम्ही इथे सगळे मजेत आहोत. तूही मजेतच असणार. अमेरिकेत नोकरी करायची परवानगी हातात पडली, आता काय, राणीच झालीस! टोमणा वाटला का? वाटू दे.

मी कागदावर लिहितेय म्हणून नवल वाटेल तुला. शेजारच्या रिफतचा भाऊ शुक्रवारी ह्यूस्टनला परत चाललाय, तो तिथून तुझ्या पत्त्यावर टाकेल. फोनवर हे बोलायची सोय नाही. आई दिवसभर हॉलमध्ये बसलेली असते आणि माझा फोन वाजला की आधी तिचे कान टवकारतात.

इकडची खबर म्हणजे वर्ल्ड कप, दुसरं काही नाही. नोव्हेंबरात सामने, म्हणून अख्खं शहर उकरून ठेवलंय. काल गेलो तो रस्ता आज बंद. गंधार साइटवरून घरी येतो तो जेवायला आणि घोरायला. शौनक फुटबॉलवाल्यांचे स्टिकर जमवतो, कपाटाच्या दारावर जागा उरलेली नाही. मी मराठीत ओरडते, तो इंग्रजीत उत्तर देतो. आईला वाटतं पोरगा मला उलट बोलतोय. बोलतोच म्हणा.

माझं काय चाललंय ते तू विचारलं नाहीस, तरी सांगते. स्टेडियममधल्या पाट्या करणारी एक कंपनी आहे इथे. कुठला दरवाजा कुठे, पाणी कुठे, बाहेर कसं पडायचं, अशा पाट्या. त्या कुठे लावायच्या हे ठरवायला त्यांना आर्किटेक्ट हवी होती. मुलाखत झाली, मी आवडले. पण मी पडले नवऱ्याच्या व्हिसावर, म्हणजे कामासाठी सरकारी परवानगी लागणार. कंपनीचे रहमानभाई माझे कागद घेऊन फिरत होते. कधी विचारलं की म्हणायचे, ‘इन्शाल्ला, मॅडम.’ म्हणजे बघ, आपण दोघी बहिणी एकाच उन्हाळ्यात एकाच गोष्टीची वाट बघत होतो. फरक एवढाच, की तुझी वाट सगळं घर बघत होतं.

आईने तर इथे उतरल्या दिवशीच पिशवीतून बाळकृष्ण काढला आणि माझ्या स्टीलच्या डब्यात पाण्यात ठेवला. नुपूरचं होईपर्यंत देव पाण्यात! मी म्हटलं, ‘आई, माझेही कागद गेलेत गं. त्याच पाण्यात माझंही नाव घाल की.’

‘तुझं काय अडलंय?’ ती म्हणाली. ‘गंधारराव आहेत की. ती पोर एकटी आहे तिकडे.’

नवरा असला की बाईचं काही अडतच नाही, हे मला माहीत नव्हतं. ऑगस्ट संपायच्या आत परवानगी आली नाही तर नुपूरची कंपनी थांबणार नाही, पोरीला सामान बांधून नाशिकला यावं लागेल, हे मात्र मला रोज चहाबरोबर ऐकावं लागायचं.

नुपूर, मला तुझा हेवा वाटतो. वाटायचा नव्हे, वाटतो. मला मेलबर्नहून बोलावणं आलं होतं तेव्हा बाबा म्हणाले होते, ‘मुलीच्या जातीने एवढ्या लांब?’ तुझ्या वेळी तेच बाबा एअरपोर्टवर, ‘अगं इकडे बघ, हस जरा,’ करत फोटो काढत होते. पहिलं धिरडं नेहमी तव्याला चिकटतं, दुसरं कसं छान सुटतं. यात दुसऱ्या धिरड्याचा काही दोष नाही, कळतं मला. पण कळलं म्हणून जळजळ थांबत नाही ना बाई.

आता मंगळवारचं सांगते. बाबांचा तो मेसेज तुला का आला हे तू मला दोनदा विचारलंस आणि मी म्हटलं, आईने चुकीचं ऐकलं. ते खरं आहे, पण अर्धंच.

मंगळवारी सकाळी रहमानभाईंचा फोन आला. ‘सॉरी मॅडम, रिजेक्ट.’ मी कुणाला काही बोलले नाही. कणीक मळली, शौनकला अंघोळीला पिटाळलं. आणि दुपारी तुझा मेसेज. ‘ताई, अप्रूव्ह झालं!!! रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आता फोन बंद करून मस्त झोपणार. आईला तू सांग. आणि तिचा चेहरा कसा होतो ते मला सांग हं.’

आई स्वयंपाकघरात नारळ खवत होती. चार पावलं चालायची होती मला. मी ती चालले नाही, हॉलमधून गंधारला फोन लावला. माझ्या तोंडून निघालं, ‘नुपूरचं खलास.’

इथे काम पार पडलं की खलास. सिलिंडर आला, खलास. बिल भरलं, खलास. इतक्या वर्षांत तो शब्द जिभेवरच बसलाय. पण मागे दारात आई उभी, हाताला खोबरं. तिला आपलं नाशिकचं खलास माहीत. धंदा बुडाला, खलास. माणूस गेला, खलास.

‘खलास?’ ती म्हणाली आणि तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. ‘अगं बाई, संपलं का गं पोरीचं सगळं?’

‘अगं नाही, झालं तिचं काम!’ एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. फोन ठेवला आणि तिच्याजवळ जाऊन बसले.

तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. आल्यापासून पहिल्यांदा. माझा हात धरून रडली. ‘तू तरी जवळ आहेस,’ म्हणाली. मला बरं वाटलं, नुपूर. लाज वाटायला हवी होती, पण बरंच वाटलं. मग तिने डब्यातून बाळकृष्ण उचलला, पदराने पुसला, म्हणाली, ‘तुम्हाला तरी किती दिवस भिजवायचं!’ तेव्हाही मी गप्प. मग तिने बाबांना फोन केला. तेव्हाही गप्प. तुझा फोन बंद, म्हणून बाबांनी मेसेज टाकला, ‘बाळा, वाईट वाटून घेऊ नकोस. परत ये. घर आहे.’ सुखाची झोप झाल्यावर तुझ्यावर पहिला आदळला तो हाच.

दुपारी ती जेवली नाही. मी जेवले. पोटभर.

संध्याकाळी चहा केला, तिच्यासमोर कप ठेवला. ती खिडकीतून खालची गाड्यांची रांग बघत होती. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘चुकलंच आमचं. तेव्हा तुलाच पाठवायला हवं होतं. तू जमवलं असतंस.’

मेलबर्नचं पत्र आलं त्या दिवसापासून मी या एका वाक्याची वाट बघत होते गं. तुझ्या परवानगीची तू बघितली नसशील इतकी. आणि मिळालं ते असं.

मला रडूच फुटलं. आईला वाटलं, तुझ्यासाठी रडतेय. ‘बघ, किती जीव आहे तुझा तिच्यावर,’ म्हणत माझे डोळे पुसायला लागली. तेवढं मात्र सोसवेना. मी म्हटलं, ‘आई, नुपूरचं झालंय. इथे खलास म्हणजे झालं. परवानगी मिळाली तिला.’

तू विचारलंस ना, चेहरा कसा झाला? आधी कळलंच नाही तिला. मग माझ्या पाठीत एक धपाटा घातला, ‘मेले, शब्द तरी धड वापरावा माणसाने!’ आणि हसायलाच लागली. रडत होती आणि हसत होती. नाकाचा शेंडा लाल, पदर खाली पडलेला, तिला भान नाही. आपल्या लहानपणी बाबांना बढती मिळाली होती तेव्हाही एवढी सुंदर दिसली नव्हती. दुपारीच बघायला मिळाला असता तिला हा आनंद. मी तो अख्खी दुपार अडवून धरला. तुझी माफी मागायची ती याची.

मग शिरा झाला. बाबांना फोन, मावशीला फोन, रिफतच्या घरी वाटी. माझी परवानगी नाकारली गेली हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. विचारलंही नाही तिने.

तू चिडशील. चिड. महिनाभर बोलू नकोस. पण नोकरीवर रुजू हो, पहिल्या दिवशी नीट कपडे घाल, आणि कुणी कौतुक केलं तर लाजून मान खाली घालू नकोस, ती सवय वाईट आहे तुझी.

एकच मागते. माझ्यावर रागावून का होईना, आईला ते वाक्य विचारू नकोस. ती म्हणेल, ‘इश्श, मी कुठे असं म्हटलं?’ आणि खोटं नाही बोलणार ती, खरंच विसरली असेल. तुला सगळं मिळालंय, नुपूर. माझ्याकडे तेवढंच आहे.

तुझ्यावर जळणारी, तरी तुझीच,
पूर्णिमाताई