वर्गाबाहेरचे जोडे

गुरुजी, सकाळपासून एक आवाज कानात येतोय. शाळेच्या पायरीवर उभं राहून तुम्ही दोन्ही वहाणा हातात घ्यायचात आणि लाल माती झाडायला एकमेकींवर आपटायचात. फट्, फट्, आणि जरा थांबून तिसरा फट्. तो तिसरा येईपर्यंत आमच्या मारामाऱ्या मिटलेल्या असायच्या, पाट्या मांडीवर आलेल्या असायच्या. मग तुम्ही अनवाणी आत येता, आणि कविता दारातूनच सुरू झालेली असते. पहिली ओळ मला नेहमी पाठमोरीच ऐकू आली, कारण मी दाराकडे पाठ करून बसायचो.

तो तपासणीचा दिवसही आठवतो. साहेब आले, लेसवाले चकचकीत बूट घालून. तुम्ही दारात हात जोडून म्हणालात, "साहेब, जोडे तेवढे बाहेर." साहेब हसले. "मास्तर, हे काय देऊळ आहे?" "नाही साहेब. देवळात एखाद वेळ चालेलही." आम्हाला हसू आलं आणि तुम्ही आमच्याकडे असं पाहिलंत की ते गिळावं लागलं. साहेबांनी उंबऱ्याबाहेरूनच दोन गणितं विचारली आणि गेले. दिवाळीनंतर तुमची बदली झाली, लांब घाटावर. जाताना तुम्ही वहाणा झाडल्या नाहीत, तशाच पायात सरकवल्यात. एका नियमाची एवढी किंमत असते हे तेव्हा कळलं नव्हतं, पण नियम अंगात मुरला.

आता मी कॉव्हेंट्रीत असतो, मुलाकडे. इथल्या एका कॉलेजने शनिवारी आम्हाला तळमजल्यावरची एक खोली दिली आहे. तिथे मी इथल्या मराठी मुलांना अक्षरं आणि कविता शिकवतो. 'अ' शिकवण्याआधी मी त्यांना बूट काढायला शिकवलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये भिंतीला लागून रांग लागते, टाचा भिंतीकडे: चिखलाने माखलेले रबरी वेलिंग्टन बूट, आणि चालताना तळव्यात दिवे लुकलुकतात ते बूट. ती रांग बघितली की मला बरं वाटायचं. बाहेरून जाणाऱ्या कुणालाही कळावं, इथे वर्ग भरलाय.

अमेरिकेतल्या एका कॉलेजात गोळीबार झाल्याच्या बातम्या आल्या आणि आमच्या कॉलेजनेही तयारी सुरू केली. सिक्युरिटीचा एक उंच स्कॉटिश माणूस आहे, तो मला प्रोफेसर म्हणतो, थट्टेने. त्याने सगळ्यांना मोठ्या हॉलमध्ये बोलावून तालीम घेतली. दार आतून बंद, दिवे बंद, फोन मुके, खिडकीपासून लांब भिंतीला टेकून बसायचं. खोली रिकामी वाटली पाहिजे. कुणीही ठोठावलं तरी उघडायचं नाही. मी विचारलं, "तुम्ही ठोठावलंत तर?" तो म्हणाला, "तरी नाही, प्रोफेसर. मी येईन तो किल्ली घेऊन." मुलं खुदुखुदू हसत भिंतीला टेकली. सगळी बूट घालून होती, हॉलच तो. त्यामुळे आमच्या खोलीचं वेगळेपण कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी कविता अर्ध्यात असताना लाउडस्पीकर बोलला. कार पार्कच्या पलीकडे बंदूक घेतलेला माणूस दिसलाय, सगळ्यांनी लॉकडाउन करा. वर्गात मदतीला एक आई येते, पुण्याची, सॉफ्टवेअरमधली. तिने दाराला किल्ली लावली, मी दिवे घालवले. मुलं शिकवल्याप्रमाणे बसली. हसली मात्र नाहीत. तेवढ्यात त्या आईची सात वर्षांची मुलगी माझ्या कानाशी आली. "आजोबा, माझा शूज बाहेर आहे. सगळ्याचा शूज बाहेर आहे. तो माणूस बघेल ना?"

खोली रिकामी वाटायला हवी, आणि दाराबाहेर माझी ती रांग.

मी दाराशी गेलो. आईने माझी बाही धरली. "काका, नाही. उघडायचं नाही असं सांगितलंय."

"आणि बाहेरची ती बुटांची रांग तशीच ठेवायची?"

मग तिने स्वतःच किल्ली फिरवली आणि म्हणाली, "पटकन. आणि पडू नका."

कॉरिडॉर लांबच लांब दिसतो. मी मोज्यांवर, वाकून बूट कवेत घेतोय, आत टाकतोय, परत वाकतोय. दार पुन्हा लागलं तर अंधारात त्या दिवेवाल्या बुटांचे तळवे लाल लुकलुकायला लागले. त्यांच्यावर मी स्वेटर काढून टाकला. मुलांना तुमचा खेळ दिला: कविता मनात म्हणायची आणि बोटांच्या पेरांवर मात्रा मोजायच्या. अंधारात सगळे अंगठे हलत होते. बाहेर पावलं आली, दाराशी थांबली. त्या मुलीचा अंगठा थांबला नाही, माझा थांबला. पावलं पुढे गेली. पुष्कळ वेळाने किल्लीने दार उघडलं, पोलीस, त्यांच्यामागे तो सिक्युरिटीवाला. छऱ्याची बंदूक होती, त्या माणसाला म्हणे कबुतरं मारायची होती.

सिक्युरिटीवाल्याने मला बाजूला घेतलं. "बाहेर एकच जोड होता, प्रोफेसर. मुद्दाम ठेवलात? एक जोड, म्हणजे आत एकच माणूस आहे असं वाटावं म्हणून?" माझे ते जुने तपकिरी बूट. मी काहीच बोललो नाही, आणि न बोलण्याचा अर्थ लोकांनी धाडस असा घेतला. घरोघरून लाडू आले. ती पुण्याची आई तेवढी फसली नाही. "काका, खरं सांगा, विसरलात ना?" म्हणाली. "म्हणजे तुमच्या त्या जोडे-बाहेरच्या नियमापायी आपण सगळे मेलो असतो."

आता कॉलेजचा हुकूम आहे, कॉरिडॉरमध्ये काही ठेवायचं नाही. मी आज लवकर येऊन खिडकीखाली प्लॅस्टिकचा ट्रे मांडलाय. मुलं येतील, त्यांना सांगायचं आहे की आजपासून जोडे आत. तुम्ही बदली पत्करलीत, आणि मी ट्रे मांडला. हे पत्र कुठे टाकणार? वाचनाच्या पुस्तकात घालून ठेवीन. पण तुमच्यापाशी एवढं कबूल करतो: ते बूट मी विसरलो नव्हतो, मुद्दामही ठेवले नव्हते. मुलांचे आणले, त्या आईचेही. माझ्या स्वतःच्या बुटांपर्यंत हात गेला आणि मागे आला. तुमच्यादेखत ते आत आणणं मला जमेना. आजही ते दाराबाहेरच आहेत.

कुणीतरी येतंय. मुलं नाहीत, पावलं जड आहेत. तो सिक्युरिटीवाला, आज त्याची सुट्टी असताना, साध्या कपड्यांत. माझा जोड बघून थांबलाय. आता बोलणार, असं वाटलं. पण तो तिथेच जमिनीवर बसतो, गुडघा कुरकुरतो, लेस सोडायला लागतो. वेळ लागतोय त्याला. मग उठून मोज्यांवर दारात उभा राहतो. एका हातात त्याचे बूट, दुसऱ्या हातात माझे. विचारतोय, "कुठे ठेवू, प्रोफेसर?"