मानवी हस्तक्षेप: शून्य

३ जून, सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांचं नंतर लोक काहीही छापतात.
विभागप्रमुखांनी बोलावलं. म्हणाले, तुमचा गांडूळ-गणक पुढची पाच वर्षं कोण आणि कसा सांभाळणार, लेखी योजना द्या. २८ला समिती येतेय. प्रोग्रॅम चालताना दिसला नाही तर प्रकल्प बंद, तुमची बदली रेकॉर्ड रूममध्ये. मी नुसता हसलो. मातीच्या फोटोंतली गांडुळं मोजणारं हे सॉफ्टवेअर मी नऊ वर्षांपूर्वी लिहिलं. त्यानंतर हात लावायची गरज पडली नाही. याला म्हणतात दर्जा.

५ जून
योजनेचं मुखपृष्ठ तयार. हिरवं.
शिपाई मावशी विचारत होत्या, मी सत्तावीसला रिटायर होतेय, मशीनचं कसं करायचं? म्हटलं, ते आपोआप चालतं. हळवी बाई. पण दिवसभर मागच्या खोलीत मशीनजवळ स्टूल टाकून बसून असते. कामचुकारपणा दुसरा काय असतो?

९ जून
संकल्प: रोज दोन पानं. झालं अर्धं. 'मानवी हस्तक्षेप: शून्य' हे वाक्य इतकं आवडलं की तीनदा घातलं.

१४ जून
बायको म्हणाली, योजना कसल्या लिहितोस, एकदा चालवून तर बघ. उचलली जीभ, लावली टाळ्याला! नऊ वर्षं चालणाऱ्याला कुणी चालून दाखव म्हणतं का?

१९ जून
योजनेची सतरावी आवृत्ती. सात ठिकाणी प्रती. एक सासूबाईंच्या कपाटात. प्रोग्रॅमची प्रत एकच, त्या मशीनमध्ये. अस्सल चीज एकच असते.
मावशींनी एक वही दिली. निरोपाच्या कविता असणार. कपाखाली छान बसते.

२७ जून
मावशींचा निरोप. भाषण मीच केलं. बावीस मिनिटं, पैकी वीस गांडूळ-गणकावर.

२८ जून, दुपारी १
समिती मुखपृष्ठावर खूश. प्रोग्रॅम सुरू केला. बारा फोटो झाले आणि थांबला. स्क्रीनवर प्रश्न: 'पुढे जाऊ? हो/नाही.' मीच लिहिलेला, चाचणीपुरता. काढायचा राहिला. 'हो' दाबलं. ढिम्म. मशीन घोरायला लागलं. समितीच्या बाईंनी विचारलं, नऊ वर्षं 'हो' कोण म्हणत होतं? मग बाईंनीच माझा कप उचलून खालची मावशींची वही काढली आणि मोठ्याने वाचली: 'बारा फोटो झाले की हो, दोनदा. घोरलं तर डाव्या कुशीवर थाप.'
थाप मारली. दोनदा हो. चाललं.

१ जुलै
प्रकल्प वाचला. माझी योजना नामंजूर, वही मंजूर. मावशी घरबसल्या सल्लागार. स्टूलवर मी.
तो प्रश्न कायमचा काढून टाकतो म्हणालो, तर मावशी फोनवर म्हणाल्या, सर, चालतंय ना, मग हात लावू नका. विभागप्रमुखांनी तेच लेखी दिलं.
मग विचारलं, मावशी, तुम्ही जेवायचात कधी? म्हणाल्या, दोन प्रश्नांच्या मध्ये, सर. लाज वाटली. खरंच वाटली.
डबा उघडला. प्रश्न आला.