वीस वर्षांचा लेप

येडशी, बुधवार

प्रिय उत्कर्ष,

तुझा निरोप फोनवर वाचला. रायफल तुझ्या नावावर करायचा फॉर्म मी जिल्हा कचेरीतून आणलाय. पंचवीस वर्षं परवाना सांभाळला की ती वारसाला देता येते, हे तू बरोबर शोधलंस. तपासणीआधी गंज काढायला हवा, म्हणून सोलापूरला सिद्धाराम मिस्त्रीकडे ती टाकून, पावती घेऊन आलो. लेप कोणता द्यायचा ते त्याला शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

गंज कशाचा, तर आपल्याच पूजेचा. सिद्धारामनं नळी पुसून उजेडात धरली, तर तिच्यावर ओळीनं पाच खड्डे. खंडेनवमीला तुझी आजी ओल्या हळदी-कुंकवाची पाच बोटं उमटवायची आणि कोजागिरीपर्यंत पुसू द्यायची नाही. ती गेल्यावर मीही त्याच जागी बोटं टेकवत आलो. सिद्धाराम हसला. "मामा, चोरानं न्हाय, देवानंच खाल्ली की तुमची बंदूक! लोखंडाला तेलाची पूजा लागती." मीही हसलो. पण त्या खड्ड्यांवर बोटं ठेवून बघितली. आईचा हात माझ्यापेक्षा किती लहान होता, ते तेव्हा कळलं.

त्यानं तीन प्रकार सांगितले. पहिला जुना, निळसर काळा. दिसायला खानदानी, पण दर आठवड्याला तेलाचं फडकं फिरवावं लागतं, आणि खड्डे दिसतच राहतात. दुसरा क्रोमचा. चकाकतो छान, पण एकदा पापुद्रा सुटला की आतून गंज पसरतो आणि वरून पत्ता लागत नाही. तिसरा, तू ज्याची माहिती पाठवलीस तो, भट्टीत भाजून बसवायचा. त्याआधी वाळूच्या झोतानं सगळी नळी खरवडून घ्यायची. मग घाम नाही, पाऊस नाही. तू लिहिलंस, "वीस वर्षांचा घ्या आण्णा, परत बघायला नको." सिद्धारामनंही विचारलं, "पोराला किती वर्षं वापरायचीय?" चहा पिऊन येतो म्हणालो आणि सरळ स्टँड गाठला.

आबांनी, तुझ्या आजोबांनी, ही रायफल रानडुकरांसाठी घेतली होती. ते गेले आणि ती माझ्या नावावर झाली, तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. बँकेला दारावर परवान्याची बंदूक असलेला गडी हवा होता. वर्षभर करू, मग दुसरं काही बघू, असं ठरवलं होतं. तेव्हापासून त्याच दारात आहे. देवाच्या कृपेनं एकही गोळी झाडावी लागली नाही. लोक म्हणतात, नुसतं उभं राहायचा पगार. पण बंदूक खाली ठेवता येत नाही, दुसऱ्याच्या हातात देता येत नाही, सोडून जाता येत नाही. भूमला तुझ्या आत्याकडं आजी वारली, त्याचा निरोप मला दुपारी बाराला आला. बदली माणूस पाचला आला. तोवर मी नामस्मरण करत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दार उघडत होतो. तुला सांगितलं होतं, एसटी मिळाली नाही म्हणून उशीर झाला. ते खोटं होतं.

रायफल नाही म्हणून चार दिवस रजा आहे. काल रामलिंगाला जाऊन आलो. हात जोडले, तर उजवा खांदा आपोआप वर गेला, पट्टा सावरायला. पट्टा नव्हताच.

फॉर्म या पाकिटात आहे. माझी सही मी केलीय. दोन वर्षं तू कामासाठी वणवण करतोस, जाशील तिथं परवाना आहे का विचारतात. अशा लेकाला बापानं कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं? तुझी आई म्हणते, "तुम्ही उभं राहिलात म्हणून तर घर उभं राहिलं." तिचंही खरंय. वारसाच्या रकान्यात फक्त तुझी सही राहिलीय. उत्कर्षा, ती करू नकोस. फॉर्म फाडून टाक आणि 'मला ही नोकरी नको' असं आईला तूच फोन करून सांग. मला जे पंचवीस वर्षांत म्हणता आलं नाही, ते तुझ्याकडून म्हणवून घेतोय, हे कळतंय मला. तरी म्हण.

तुझाच,
आण्णा