टाळ्या मिळालेलं वाक्य

प्रिय आकांक्षा,

सप्रेम जयभीम. आपल्या शेजारच्या बेबीताईच्या हातून माझं पत्र आलेलं पाहून दचकू नको. आम्ही दोघंही बरे आहोत, तुझ्या बाबांची शुगर ताब्यात आहे. फोन का केला नाही, ते वाचता वाचता कळेलच. तिथं लॅबमध्येच जरा बाजूला बसून वाच.

मंगळवारपासून माझा पाय घरात ठरत नाही. कुकर लावते अन् गच्चीवर जाते, गच्चीवरून उतरते ती थेट फाटकापर्यंत. वरणात मीठ टाकलं की नाही आठवत नाही, म्हणून पुन्हा टाकते. बाबा जेवताना नुसतं पाणी पीत राहिले.

अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर रिकामं बसवेना, म्हणून वाचनालयाच्या वरच्या खोलीत बायकांच्या इंग्रजीच्या वर्गाला जाते, हे तुला सांगितलं होतं. स्वप्निल सर शिकवतात. तुझ्याच वयाचे असतील, पण जीव लावून शिकवतात. मंगळवारी त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'पुट अप विथ'. म्हणजे नकोशी गोष्ट मुकाट्यानं चालवून घेणं. तीन शब्दांचं मिळून एकच क्रियापद, त्यातला एकही गाळायचा नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. मग प्रत्येकीनं एक वाक्य करायचं. एकीनं अमरावतीचं ऊन घेतलं, एकीनं गल्लीतली कुत्री. रुख्मिणीताई उठल्या अन् 'विथ' विसरून म्हणाल्या, आय पुट अप माय हजबंड. सर म्हणाले, "ताई, याचा अर्थ तुम्ही मिस्टरांना फोटोसारखं भिंतीवर टांगलं!" सगळ्या इतक्या हसल्या की खालून वाचनालयाचा शिपाई वर आला. मीही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

तेवढ्यात माझी पाळी आली. मी मच्छरांचं वाक्य मनात तयार ठेवलं होतं. पण सर म्हणाले, काकू, तुम्ही 'आय' घेऊ नका, घरातल्या दुसऱ्या कुणाचं सांगा, म्हणजे क्रियापदाला 'एस' लावायचा सराव होईल. मी तोंड उघडलं अन् बाहेर आलं, माय डॉटर पुट्स अप विथ हर हजबंड्स टेंपर. "एकदम करेक्ट, काकू! एस पण विसरला नाहीत," सर म्हणाले. साऱ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर सरांनी पुढं सांगितलं, की हे क्रियापद जास्त करून नकारातच वापरतात. आय कान्ट पुट अप विथ इट. असं म्हणतात अन् माणसं उठून जातात. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. पर्स उचलली अन् पायऱ्या उतरले. घरापर्यंत चालत आले, मध्ये दोन ऑटोवाले थांबले तरी त्यांना हात केला नाही.

आकू, ते वाक्य मी जुळवलेलं नव्हतं. ते कधीचं आत बसलं होतं. दिवाळीत तुझ्याकडे आले, तेव्हा हॉलच्या भिंतीवर, खांद्याइतक्या उंचीवर वरणाचा पिवळा डाग होता. मी विचारलं तर तू हसून म्हणालीस, कुकरची शिटी उडाली. कुकर स्वयंपाकघरात, डाग हॉलमध्ये. संध्याकाळी भांडी विसळताना पुन्हा विचारलं, तर नळाचं पाणी मोठं करून तू हळूच म्हणालीस, "चालवून घ्या लागते आई." मावशीच्या नीलमच्या लग्नात, भर मे महिन्यात, परतवाड्याच्या त्या मांडवात तू मनगटापर्यंत बाह्यांचं ब्लाऊज घातलं होतंस. आणि तुझा फोन. मी 'कशी आहेस' म्हटलं की आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो, अन् मागून पियुष म्हणतो, "मजेत आहे, मम्मी." तुझ्याआधी त्याचंच उत्तर येतं. फोन स्पीकरवर असतो हे मला केव्हाच कळलं, म्हणून मी भाजीपाल्याचं बोलते.

बुधवारी सकाळी बाबांना सांगितलं, मोझरीच्या आश्रमात जाऊन येते, अन् बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी धरली. तुला भेटायचं, एवढंच ठरवलं होतं. लॅबच्या समोर रसवंतीपाशी उभी राहिले. काचेतून तू दिसत होतीस. एका म्हाताऱ्या माणसाचं रक्त घेत होतीस, त्याच्याशी काहीतरी बोलून त्याला हसवत होतीस. मला बरं वाटलं. रस्ता ओलांडणार, तेवढ्यात पियुषची मोटारसायकल आली. तो आत आला, तसा तुझा चेहरा एखाद्यानं हात फिरवून पुसावा तसा कोरा झाला. त्यानं हात पुढं केला अन् तू न बोलता फोन त्याच्या हातावर ठेवलास. तो बाकावर बसून तुझा फोन वाचत राहिला अन् तू नळ्यांना चिठ्ठ्या लावत राहिलीस. त्याच्या देखत आत आले असते, तर मी गेल्यावर घरी तुझं काय झालं असतं, ते माझ्या मनात आलं. हातातला उसाचा रस तसाच टेबलावर ठेवला अन् स्टेशन गाठलं.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. तुला तुझे बाबा माहीत आहेत. आधी म्हणाले, "नवराबायकोत आपण काहून पडा?" मी पुन्हा नुसतं तुझ्या फोनचं सांगितलं, हात कसा पुढं आला अन् तू कसा ठेवलास ते. ते उठले, ओसरीत गेले, तुळया मोजल्यासारखे वर बघत बसले. आत आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "पोरीले मी सायकल शिकवली, मोटारसायकल शिकवली. आता पोरगी सोताचाच फोन कोणाले विचारून पाहीन?" मग वरच्या खोलीतली धान्याची पोती त्यांनी एकट्यानं खाली आणली. मी नको म्हटलं तरी ऐकलं नाही. खोली धुतली, पलंग हलवला, खिडकीला जाळी ठोकली. आज सकाळी वकील बाईंना भेटून आलो दोघं. त्या म्हणाल्या, आधी तिला सुरक्षित बाहेर येऊ द्या, कागदपत्रं मागून होतील. इथल्या दोन-तीन लॅबवाल्यांनाही माणसं हवी आहेत, तेही बाबांनी विचारून ठेवलं.

तर हे पत्र यासाठी. शनिवारी तुझी सकाळची पाळी असते अन् पियुष गावी शेतावर जातो. तुझी पाळी संपायच्या वेळी आम्ही दोघं मामाच्या अश्विनची गाडी घेऊन लॅबच्या दारात उभे असू. घरी जाऊन काही आणायची गरज नाही. प्रमाणपत्रं लॅबमध्ये असतील तर तेवढी घे, नसतील तर तशीच ये. तुझं मन तयार नसेल तर पत्र द्यायला आलेल्या बेबीताईजवळ नुसतं 'नाही' म्हण. आम्ही समोरच्या टपरीवर चहा घेऊ, तुला लांबून पाहू अन् परत जाऊ. कुणी तुला ओढून नेणार नाही. पण त्याच्या पुढच्या शनिवारी पुन्हा येऊ, अन् त्याच्याही पुढच्या. हे पत्र वाचून झालं की फाडून तिथल्याच कचऱ्यात टाक. पर्समध्ये ठेवू नको. बाबांनी आत्तापासूनच गाडीत पाण्याची बाटली अन् उशी नेऊन ठेवली आहे.

तुझीच,
आई