खिंडीतला दगड

रविवार, १४ डिसेंबर. मावला.

पायडलची पिन ठोकायला एक दगड उचलला. केवढ्याला पडला तो? सहा वर्षांची लच्छूमामाची सोबत गेली.

मी लोकांना सायकलीवर अभयारण्य फिरवतो; लच्छूमामा गोंड, त्यातला माझा वाटाड्या. आज बोथ गावचे दोन मास्तर फिरायला आले होते. चढावर सायकली ढकलत, उतारावर बसून, पायी येणाऱ्या मामासाठी थांबत, मजेत चाललो होतो. खिंडीत माझी पिन ढिली झाली. बाजूला दगडांची रास. वरचाच घेतला अन् ठोकली. उन्हानं गरम होता दगड. जंगलात शिरणारा प्रत्येक जण तिथं देवासाठी एक दगड ठेवतो, हे मला ठाऊक नव्हतं काय? मीही दरवेळी ठेवतो. मग हात गेला कसा? सायकलच्या दुकानात पंक्चर काढून मोठा झालेल्याचा हात, मिळेल ते हत्यार.

मामा पाहत होता. मी हसून म्हटलं, "एवढी रास हाये मामा, देव मोजून राह्यला काय?"

"देव नाई मोजत, भाऊ. ठेवतो आमी."

अन् तो काठी टेकत खाली उतरला. काठीचा आवाज बराच वेळ येत होता, तरी मी हाक मारली नाही. दगड परत ठेवला; तो अजून गरमच होता. उद्या त्याच्या गुड्यात, गोंडांच्या पाड्यावर जाऊन काय तोंडानं बोलू?

मास्तर म्हणाले, "आता कसं?"

"चला हो गुरुजी, हे जंगल मी डोळे झाकून फिरतो."

दोनदा त्याच नाल्यावर येऊन पोचलो. शेवटी शेळ्या चारणाऱ्या एका बाईनं आम्हाला डांबरी रस्त्याला आणून सोडलं.