बोटीत पाणी भरत नसतात

अण्णा, परवा विष्णुपुरीला एक डॉक्टर भेटले. त्यांनी नवी शिडाची बोट घेतलीय, माझ्या बोटीशेजारीच बांधतात. पाणी उतरलं की बोट वर काढून कशी ठेवायची, असं त्यांनी विचारलं आणि मी सांगत सुटले. नुसत्या दोन दगडांवर टेकवू नका, पोटाला सगळीकडून आधार द्या, जुने टायर बरे. शीड धुऊन सावलीत वाळवा, उन्हात कापड विरतं. बुडाचं बूच काढून ठेवा, अवकाळी पाऊस आला तरी आत थेंब साठता कामा नये. बोट बाहेरचं पाणी पेलायला केलेली असते, आतलं नव्हे. "कुणी शिकवलं हे?" डॉक्टरांनी विचारलं. "वडिलांनी," मी म्हणाले, आणि घरी येईपर्यंत तुमचा भयंकर राग आला.

नांदेडला होतो तेव्हा दर रविवारी तुम्ही मला गोदावरीवर न्यायचात. शिडाचा दोर मी एकदा खुंटीला बांधून टाकला, तर काठावर धुणं धुणाऱ्या बायांसमोर ओरडलात, "बुडायचंय का? दोर हातात धरायचा. वारा फिरला की सोडता आला पाहिजे!" पुढं सुकाणू माझ्या हाती दिलंत आणि घरी आईला सांगितलंत, "बोट आता हिची." आई हसली, "पोरीला हुंड्यात बोट देता का काय?" तुम्ही म्हणालात, "हाव." मी ते खरं मानलं. का मानू नये?

मग लातूर जिल्हा झाला, नव्या ऑफिसात तुमची बदली झाली आणि ट्रकमधून बोटही आली. गल्ली हसली. "साहेब, लातुरात बोट?" तुम्ही अंगणात टायरांवर ती ठेवलीत, वर ताडपत्री. रविवारी मी शिडाच्या दोराच्या कप्प्यांना तेल द्यायची, लाकडाला व्हार्निश लावायची. माझी म्हणून.

त्या दुष्काळात गल्लीचा हौद तडकला होता. मी कॉलेजातून येतेय, तर आपल्या फाटकाशी ही गर्दी. बोट अंगणातून उचलून रस्त्याकडेला आणलीय, दोन दगडांवर ठेवलीय, आणि टँकरचा पाइप तिच्या पोटात सुटलाय. बाया घागरी बुडवून भरताहेत. शेजारची काकू मला म्हणते, "टँकरवाला निघालाच होता बघ. म्हनला, औशाला जायचंय, भांडं दावा न्हाई तर चाललो. तुझ्या अण्णानं बोट दावली. लई बेस झालं माय." बूच तुम्ही स्वतःच्या हातानं बसवलं होतंत. जे करू नको म्हणून मला वर्षानुवर्षं बजावलंत, ते सगळं एका दुपारी, गल्लीदेखत, तुम्ही केलंत.

मी ओरडले, "अण्णा, मोडेल ती!" तुम्ही म्हणालात, "भरू दे त्यांना." घागरी भरत राहिल्या. मग वाळलेलं लाकूड फुटावं तसा आवाज आला. मधोमध कणा मोडला, उरलेलं पाणी धुळीत गेलं आणि माणसं पातेली घेऊन चिखलात वाकली. मी रडत होते. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "बोट पाण्यासाठीच असते ना?"

अण्णा, हा विनोद होता का? त्या वाक्यासाठी मी तुम्हाला अजून माफ केलेलं नाही. बोट पाण्यावर चालायला असते. आणि ती तुमची नव्हती. माझी गोष्ट तुम्ही गल्लीला देऊन टाकलीत, लोकांनी तुम्हाला देवमाणूस म्हटलं, आणि माझ्याजवळ उरल्या त्या तेल दिलेल्या कप्प्या. दुसऱ्या दिवशी फळ्या तुम्ही सरपणाला दिल्यात, तेही न विचारता. पुढं मरेपर्यंत त्या बोटीचं नाव काढलं नाहीत. निदान "चुकलं" म्हणायचं होतं. निदान त्या दिवशी कॉलेजात निरोप धाडायचा होता, मी पळत आले असते.

आता माझी स्वतःची बोट आहे, तुमच्या त्या बोटीपेक्षा चांगली. तुमचा पत्ता असता तरी हे पत्र मी धाडलं नसतं. तुमचं उत्तर मला ठाऊक आहे, एका ओळीचं: "विचारलं असतं तर दिली असतीस का?"

नसती दिली, अण्णा.